गच्चीवरच्या शेतीचं काम शिकून कमाई सुरू कशी करायची

घोडबंदर रोडला जा नाहीतर खारघरला, मोठ्या सोसायट्यांत झाडं भरपूर पण त्यांच्याकडे नीट बघणारा माणूस मिळत नाही, आणि तिथूनच पाच मिनिटांवर बारावी झालेली पोरं कामासाठी फिरतायत. तुम्ही त्यातले असाल तर आधी गच्चीवर भाजी पिकवून विकायचं डोक्यातून काढा, वाशी मार्केटच्या भावाशी कुंडीतला पालक टिकत नाही. आमच्या पहिल्या बॅचला आम्ही नुसतं पिकवायला शिकवलं, मेथी झकास आली पण काम एकालाही लागलं नाही, तेव्हा कळलं की पैसे मिळतात ते झाडांच्या दर महिन्याच्या देखभालीचे.

म्हणून पहिलं कंपोस्ट, म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करायला शिका. 2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते धरलं आणि ओला कचरा जमेल तितका आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हापासून सोसायटीच्या कमिटीला हे काम येणारा माणूस हवाच असतो. ओल्या कचऱ्यावर दर वेळी सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकायचं, आठवड्यातून एकदोनदा हलवायचं. वास सुटला म्हणजे ओल जास्त झाली, पाणी अजिबात नाही, सुकं घाला. मुठीत दाबलं की ओलसर लागलं पाहिजे पण पाणी टपकायला नको, हा अंदाज व्हिडिओ बघून येत नाही, हात घालूनच येतो.

दुसरं म्हणजे गच्चीवर येणारं वजन. एक चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे जवळपास अर्धा टन, सेक्रेटरी लीकेजला घाबरतो ते उगाच नाही. माती कमी ठेवा, कोकोपीट आणि गांडूळखत जास्त, कुंड्या स्टँडवर म्हणजे खालचं पाणी अडत नाही. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात कोथिंबीर-पालक सडतात, तेव्हा भेंडी, अळू, दोडका लावा, पालेभाज्या थंडीत. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा मिलीबग (रस शोषणारी कीड) दिसला की आधी पाण्याचा जोरात फवारा, मग लिटरला 5 मिली निमतेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी.

सर्टिफिकेट हवंच तर ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिल, म्हणजे शेतीतल्या कामांचं प्रशिक्षण ठरवणारी संस्था, तिच्या यादीत गार्डनर म्हणजे माळी हा जॉब रोल आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचेही शेतीचे कोर्स आहेत. फी भरायच्या आधी एकच विचारा, प्रत्यक्ष काम किती दिवस? उत्तर गोलगोल आलं तर नको. त्यापेक्षा दोन महिने एखाद्या नर्सरीत राबलेलं बरं, कलमं, रिपॉटिंग (झाड दुसऱ्या कुंडीत लावणं), गिऱ्हाईकाशी बोलणं सगळं तिथे शिकता.

मग ओळखीच्या एका सोसायटीत एकच कंपोस्ट ड्रम चालवून दाखवा, दोनेक महिन्यांनी तयार खत मीटिंगमध्ये टेबलावर ठेवा आणि तेव्हाच पैशांचं बोला. आठवड्यातून किती दिवस येणार, खत-बियाण्याचा खर्च कोणाचा, सुट्टीत बदली कोण, हे कागदावर घ्याच. आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होतं, एजंटला एक रुपया देऊ नका.