९ व्होल्टच्या प्रीअँपमधला उलटा कपॅसिटर: या चुका टाळा

सिग्नल डावीकडून उजवीकडे जातो, मग कपॅसिटरचा प्लस डावीकडे. असा हिशेब करून जोडलेला प्रीअँप (कमकुवत सिग्नल वाढवणारं सर्किट) सुरुवातीला बरा वाजतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. सिग्नलच्या दिशेचा पोलॅरिटीशी, म्हणजे प्लस-मायनस कुठे लावायचं याच्याशी, काडीचाही संबंध नाही. कपॅसिटर लावण्याआधी बॅटरी जोडा, त्याच्या दोन्ही टोकांच्या जागी ग्राउंडपासून डीसी व्होल्टेज मोजा. जिथे जास्त, तिथे प्लस.

टीएल०७२ (सिग्नल वाढवणारा आयसी) एकाच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवताना त्याला निम्म्या, म्हणजे ४.५ व्होल्टवर टेकवावं लागतं; हाच बायस. इनपुट जॅक शून्यावर, व्हॉल्यूमचा पॉटही (फिरवायचा रेझिस्टर) शून्यावर. म्हणजे इनपुट आणि आउटपुट, दोन्ही कपॅसिटरचे प्लस आयसीकडेच. (इनपुटला खरं तर प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हवाच कशाला? बायसचा रेझिस्टर १ मेगओहमचा असेल तर ०.१ मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर पुरतो, उलटसुलटचा प्रश्नच मिटतो.) जुन्या जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या फझमध्ये (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या सर्किटमध्ये) बॅटरीचा प्लस ग्राउंडला असतो, तिथे उलट पोलॅरिटीच्या एनपीएन ट्रान्झिस्टरचा नकाशा तसाच उतरवलात तर सगळे कपॅसिटर उलटे बसतील.

आउटपुटचा कपॅसिटर उलटा असेल तर आतला ऑक्साइडचा थर झिजतो, डीसी गळून पॉटमध्ये उतरतो आणि पॉट फिरवताना खरखर येते. लोक पॉट बदलतात. आधी पॉटवर डीसी आहे का ते बघा. टँटलम कपॅसिटर वापरलात तर आणखी सांभाळा: इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी मायनसची, टँटलमवरची प्लसची.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक मात्र पोलॅरिटीची नाही, कपॅसिटर विसरल्याची आहे. फीडबॅकला (आउटपुटकडून मायनस इनपुटकडे) १०० के, म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर, आणि तिथून ग्राउंडला १० के, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो) ११. हा १० के थेट ग्राउंडला गेला तर ४.५ व्होल्टही अकरा पटीने वाढू पाहतात. ९ व्होल्टमध्ये ते मावणार कुठे? आउटपुट बॅटरीच्या प्लसजवळ जाऊन अडकतो, आवाज फाटतो किंवा येतच नाही. त्या १० केच्या सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरॅड घाला, मायनस ग्राउंडकडे. तपासताना इनपुट पिनवर ४.१ व्होल्ट दिसले तर घाबरू नका; १० मेगओहमचा मीटरच १ मेगओहमच्या बायसला खाली ओढतो. आउटपुट पिन मोजा, तिथे ४.५ हवेत.

एलएम३८६ला (छोटा स्पीकर चालवणारा आयसी) हा बायस देऊच नका. त्याचे इनपुट ग्राउंडवरच राहतात, आउटपुट आपोआप निम्म्या व्होल्टेजवर येतो. स्पीकरचा कपॅसिटर २२० मायक्रोफॅरॅड, प्लस ५ नंबरच्या पिनला.

दोन बॅटऱ्या लावून मधलं ग्राउंड घेणार असाल तर दोन्ही बॅटऱ्या एकदम चालू-बंद करणारा दोन पोलचा स्विच घ्या. एकाच बॅटरीचं कनेक्शन तुटलं की आउटपुट उरलेल्या बॅटरीकडे झुकतो, आणि आउटपुट कपॅसिटर नसेल तर तो डीसी थेट हेडफोनच्या कॉइलमध्ये जातो.