आयपी पत्ता लक्षात न ठेवता, नावाने कॉम्प्युटर कसा गाठावा

बिलिंगच्या कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर काल उघडत होतं, आज उघडत नाही. बऱ्याचदा झालेलं असतं ते असं: रात्री लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने त्या कॉम्प्युटरला वेगळा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची आकड्यांची ओळख, दिला. शॉर्टकटमध्ये मात्र जुनाच आकडा. तिथे नाव घातलेलं असेल, तर पत्ता बदलला तरी अडत नाही.

आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडून कॉम्प्युटरचं नाव बदला. इंग्रजी अक्षरं, मध्ये स्पेस नको, जास्तीत जास्त १५ अक्षरं. समजा, ‘बिलिंग’. रीस्टार्ट करा. वाय-फायचं नेटवर्क ‘पब्लिक’ नव्हे, ‘प्रायव्हेट’ ठेवा.

आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग बिलिंग.लोकल’ टाइप करा, अर्थात इंग्रजीत. पहिली ओळ नीट बघा. नावापुढे चौकोनी कंसात पत्ता दिसला, की नाव सापडलं. खाली ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तरी घाबरू नका. ते बहुधा फायरवॉलचं, म्हणजे बाहेरून येणारी विचारणा अडवणाऱ्या सोयीचं काम असतं. ‘.लोकल’साठी डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, लागत नाही. कॉम्प्युटर २२४.०.०.२५१ या पत्त्यावर सगळ्यांना विचारतो, ‘बिलिंग कोण?’ आणि ज्याचं ते नाव, तोच उत्तर देतो. मॅकमध्ये ही सोय आधीपासून असते, लिनक्सवर बहुधा अवाही हा प्रोग्रॅम लागतो.

नाव सापडलंच नाही, तर एखादं यंत्र गेस्ट वाय-फायवर आहे का ते तपासा. इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे स्वतःचा दुसरा राउटर लावलेला असेल, तरीही हेच होतं. ही हाक राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क करणार नाही.

एवढं करूनही जमत नसेल, तर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) रिझर्व्हेशनमध्ये बिलिंगच्या कॉम्प्युटरचा पत्ता पक्का करा. मग बाकीच्या कॉम्प्युटरवर नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमधल्या ‘होस्ट्स’ फाइलच्या शेवटी पत्ता, स्पेस, नाव अशी ओळ लिहा. तीन-चार कॉम्प्युटर असतील तर मला हाच उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. मोबाइलला मात्र त्याचा उपयोग नाही.

काही राउटर घरातली नावं स्वतःच सांगतात. तुमचा तसा असेल, तर कॉम्प्युटरमध्ये हाताने घातलेला ८.८.८.८ हा डीएनएस काढून टाका. गूगलच्या सर्व्हरला तुमच्या दुकानातला ‘बिलिंग’ कुठून माहीत असणार?