जुन्या मोटारीची बॅटरी कशी पारखावी

नागपूरच्या महालातल्या वाड्याच्या गॅरेजमध्ये किंवा इतवारीतल्या कबाड्याकडे लाकडी पेटीतली, वरून डांबर ओतलेली बॅटरी निघाली की लोक आधी तिच्यावरचं नाव वाचतात. नावावरून फार काही कळत नाही. 1912 मध्ये कॅडिलॅकमध्ये विजेवरचा स्टार्टर आला आणि बॅटरीवरचा भार एकदम वाढला. तेव्हापासूनच्या बॅटऱ्यांचा दर्जा शिशाच्या जोडांवर, सेपरेटरवर (आतल्या शिशाच्या प्लेटांमधल्या पडद्यांवर) आणि तळाच्या मोकळ्या जागेवर ठरतो.

रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, खाण्याचा सोडा जवळ ठेवा. जोडांवर जमलेली पांढरी पूड कोरडी घासू नका, त्यात शिसं असतं.

सुरुवात पेटीपासून. लाकडावर नख दाबून बघा. नख रुतलं तर ऍसिड झिरपलेलं आहे. पण लगेच नापास करू नका. आत प्रत्येक सेलचा, म्हणजे बॅटरीच्या प्रत्येक कप्प्याचा, एबोनाइटचा (कडक रबराचा) वेगळा डबा असतो आणि पेटी कुजली तरी तो शाबूत राहू शकतो. पुढे अखंड कडक रबराचे खोके आले. त्यात केसाएवढी चीर शोधा. डांबराच्या कडा तर नीटच बघा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, डांबर मऊ पडून कडेने सुटतं आणि त्या फटीतून ऍसिड वर येतं.

आता सेल मोजा. तीन असतील तर 6 व्होल्ट, सहा असतील तर 12. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप 6 व्होल्टचीच. सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरती उघड्या असतात, आणि माझ्या मते जुन्या रचनेतलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. मल्टीमीटरने प्रत्येक सेल वेगळी मोजता येते आणि बिघडलेली तेवढीच बदलता येते. आजच्या बंद बॅटरीत ही सोय नाही. चार्ज केलेल्या सेलवर साधारण 2.1 व्होल्ट दिसतात. स्टार्टर फिरवताना एखादी सेल दीड व्होल्टच्या खाली गेली तर ती कमजोर. पट्टीचा जोड एकजीव वितळलेला हवा. स्टार्टर फिरताना जोड गरम लागला तर काम कच्चं.

मग हायड्रोमीटर, म्हणजे ऍसिड ओढून त्याची घनता (पाण्याच्या तुलनेत) दाखवणारी काचेची पिचकारी. इथे नागपूरकर हमखास फसतात. थंड प्रदेशात भरलेल्या बॅटरीत ही घनता 1.280 धरतात, पण उष्ण प्रदेशासाठी ऍसिड मुद्दाम पातळ, 1.240 च्या आसपास ठेवत. त्यामुळे कमी आकडा दिसला म्हणून बॅटरी मेली असं नाही. शिवाय 27 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला 0.0007 मिळवा: ऍसिड 42 अंशांवर असताना 1.230 दिसलं तर खरा आकडा 1.240 च्या जवळ येतो. दोन सेलमध्ये 0.050 पेक्षा जास्त फरक असेल तर मात्र दोष नक्की. पिचकारीत चॉकलेटी गढूळ पाणी आलं तर पॉझिटिव्ह प्लेटा गळताहेत.

सेल उघडायचीच असेल तर जुन्या हाताच्या बॅटरीवाल्याकडून उघडून घ्या. सेपरेटर पातळ लाकडी फळ्यांचे असतात आणि त्यांची खाचांची बाजू पॉझिटिव्ह, म्हणजे तपकिरी प्लेटेकडे हवी. उलटी बसवलेली दिसली तर कोणीतरी घाईत दुरुस्ती केली आहे. ही फळी कायम ओली राहावी लागते. सेल एकदा कोरडी पडली की लाकूड तडकतं आणि प्लेटा एकमेकींना टेकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर घालायला विसरलेल्या बॅटऱ्या बहुधा अशाच गेल्या. डब्याच्या तळाशी उंच पट्ट्या असतात आणि प्लेटा त्यांवर उभ्या राहतात. त्यांच्यामधल्या जागेत गाळ साठतो. ही जागा जितकी खोल, तितका बनवणाऱ्याने दूरचा विचार केलेला. गाळ प्लेटांना टेकला असेल तर सेल आतून शॉर्ट आहे.

एखादीच सेल गेली असेल आणि बाकी जोड घट्ट असतील तर बॅटरी दुरुस्तीच्या लायकीची आहे. तिन्ही सेलमधले सेपरेटर तडकले असतील तर पेटी आणि वरच्या शिशाच्या पट्ट्या प्रदर्शनापुरत्या ठेवा. ऍसिड नाल्यात ओतू नका. प्लेटांसकट नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या, 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी संकलन, दुरुस्ती किंवा रिसायकलिंग करणाऱ्यांकडेच देणं बंधनकारक आहे.