जुन्या ट्रॅव्हलरमध्ये गॅस बसवताना

आमची गाडी म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करून निवृत्त झालेली फोर्स ट्रॅव्हलर मिनीबस. तीत राहून फिरता यावं म्हणून मागच्या सीट काढल्या, खाली-वर दोन बर्थ केले, एक छोटा ओटा आणि त्यावर दोन बर्नरची शेगडी. त्याआधी १९ वर्षं मी कराडात गॅस एजन्सीचा मेकॅनिक होतो. लोकांच्या ओट्याखाली वाकून रेग्युलेटर बदलणं, नळी बघणं हेच माझं काम. तरीही गाडीत गॅस बसवताना माझी चूक झाली, कारण डोक्यात घराचं स्वयंपाकघर होतं. टाकी मी घरात ठेवतात तशी ओट्याखालच्या कपाटात ठेवली.

वेळणेश्वरला पहिल्याच फेरीत त्याचा हिशेब झाला. संध्याकाळी टाकी बदलली होती, घाईत साबणाचं पाणी लावलं नाही, आणि रात्री रेग्युलेटरची कळ बंद करायची राहिली. पहाटे बायकोने हाक मारली, "अहो उठा, गॅसचा वास येतोय." ती खालच्या बर्थवर, मी वरच्या. मला वासाचा पत्ताच नव्हता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि सखल जागा धरून बसतो. घरात तो दाराच्या फटीतून, गॅलरीतून निघून तरी जातो. गाडीत मी प्लायवूडवर रबरी मॅट कडेपर्यंत चिकटवली होती. म्हणजे जमीन ही कडा असलेली परातच, आणि त्या परातीत गॅस साठत होता. हवेत जेमतेम दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगीने पेट घेतो. गाडीएवढ्या डब्यात तेवढा व्हायला फार वेळ लागत नाही.

दिवा लावला नाही. सरकता दरवाजा हाताने उघडला. दार उघडल्यावर आपोआप लागणारा छतातला दिवा किडे येतात म्हणून आम्ही झोपताना बंद करून ठेवला होता, ते नशीब. कळ बंद केली, रेग्युलेटर काढला, टोपी लावली, टाकी बाहेर वाळूत लांब नेऊन उभी केली. मग खिडक्या उघडून सतरंजीने जमिनीलगत वारा घालत राहिलो. दोष निघाला टाकीच्या तोंडातल्या काळ्या रबरी रिंगेत. ती तडकली होती.

त्यानंतर सगळं उपटून पुन्हा बसवलं. आज कुणी राहायची अशी गाडी बनवून घेत असेल, तर पहिलं काम टाकीसाठी वेगळी जागा. मागच्या दाराने बाहेरूनच उघडेल असा पत्र्याचा बंद कप्पा करा. राहायच्या भागाकडची प्रत्येक फट रबरी बीडिंग आणि सीलंटने बुजवा. आणि त्या कप्प्याच्या तळाला, गाडीच्या पत्र्यातून आरपार, हाताचा पंजा मावेल एवढं भोक पाडा. गळालेला गॅस थेट रस्त्यावर पडला पाहिजे. भोक सायलेन्सरच्या वर किंवा जवळ नको. उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावा, पण कोकणातल्या पावसाळी फेरीनंतर ती चिखलाने बुजते, तेव्हा वाकून बघायची सवय ठेवा. कप्प्यात बॅटरी, इन्व्हर्टर किंवा कुठलंही बटण नको. जागा उरली म्हणून चपला आणि छत्र्यासुद्धा नकोत, त्या सरकून भोकावर बसतात.

टाकी नेहमी उभी, आणि पट्ट्याने आवळलेली. आडवी पडली तर वायूऐवजी द्रवरूप गॅसच रेग्युलेटरमध्ये येतो आणि शेगडीला हातभर ज्वाळ निघते. आंबा घाटातल्या वळणांवर साधी सुतळी टिकत नाही. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा घ्या.

टाकी कुठली? घरची १४.२ किलोची लाल टाकी गाडीत नको. ती घरच्या पत्त्यावर दिलेली असते, आणि जडही. ५ किलोची छोटी टाकी ओळखपत्र दाखवून एजन्सीत आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवर मिळते. इंडेनची 'छोटू', एचपीची 'अप्पू', भारत गॅसची 'मिनी'. सबसिडी नसते, दर जास्त पडतो, पण ती त्या कंपनीच्या दुसऱ्या गावच्या एजन्सीतही बदलून मिळते. आम्हा दोघांना सकाळ-संध्याकाळचा चहा आणि एक वेळचा स्वयंपाक धरून ती वीसेक दिवस पुरते. बाजारात बिनशिक्क्याच्या छोट्या टाक्या मिळतात, दुकानदार मोठ्या टाकीतून त्यात गॅस ओतून देतो. त्या घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. किती भरलंय याला माप नाही आणि टाकीची चाचणी कधी झाली याचा पुरावा नाही.

टाकी घेताना तीन गोष्टी तिथेच उभं राहून बघा. एक, वरच्या कड्याच्या आतल्या बाजूला रंगवलेलं अक्षर आणि आकडा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे. 'डी २७' असेल तर डिसेंबर २०२७ पर्यंत चालेल, नंतर तिची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली परत करा. दोन, वजन. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात ५ किलो मिळवा आणि बॅगा मोजायच्या काट्यावर लटकवून बघा. तीन, टोपी काढून आत बघा, काळी रिंग जागेवर आणि अखंड आहे का. मग त्या तोंडात थोडं पाणी सोडा. बुडबुडे आले तर आतला व्हॉल्व्ह गळतो. एजन्सीतला माणूस कंटाळला तरी चालेल, तो तुमच्या गाडीत झोपणार नाहीये.

रेग्युलेटर आणि नळी आयएसआय शिक्क्याचीच. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. घरात ती पाच वर्षांनी बदलायची असते, मी गाडीत दोन वर्षांनी बदलतो, कारण इथे ती रोज हादरे खाते. लांबी दीड मीटरच्या आत ठेवा, मध्ये जोड नको. पत्र्यातून किंवा लाकडातून ती कधीही आरपार घालू नका, कड घासून कापली जाते. माझ्या गाडीत कप्प्यापासून ओट्यापर्यंत तांब्याची नळी आहे, जागोजागी क्लिपांनी धरलेली, आणि रबरी नळी फक्त दोन टोकांना. हे काम त्यात शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. ओट्याजवळ एक बंद करायचा कॉकही बसवा, रात्री थंडीत मागे जायचा कंटाळा येतो म्हणून.

शेगडी निवडताना थोडे पैसे जास्त गेले तरी ज्वाळ विझली की गॅस आपोआप तोडणारी घ्या. आपल्या साध्या शेगड्यांना ती सोय नसते. गाडीचं दार उघडं असतं, समुद्राचा वारा येतो, किंवा दूध उतू जातं, ज्वाळ विझते आणि गॅस चालूच राहतो. शेगडी पेटलेली असताना तिच्यापासून हलू नका. आमच्याकडे कुकर लावला की एकजण तिथेच बसून भाजी निवडतो.

नवी टाकी लावल्यावर दर वेळी साबणाचं पाणी. वाटीत फेस करा, ब्रशने रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, प्रत्येक जोड भिजवा. शेगडीच्या कळा बंद, टाकीची चालू. बुडबुडा फुगला की गळती. काडी पेटवून बघणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत, त्यांना तिथल्या तिथे थांबवलंय. टाकी बदलणं नेहमी गाडीबाहेर, इंजिन बंद करून. आणि कोकणातल्या डासांसाठी पेटती कॉइल जमिनीवर ठेवतात, ती गाडीत बंद करा. गॅस साठतो नेमका त्याच उंचीवर ती जळत असते. मच्छरदाणी लावा.

गाडी हलण्याआधी गॅस टाकीपाशी बंद, नुसता शेगडीपाशी नाही. डिझेल भरायला जाताना, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या जंगल जेट्टीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, चढतानाही तेच.

आता दुसरा धोका, ज्याला वास नसतो. गॅसला आपल्याला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण कोंडलेल्या गाडीत शेगडी जळत राहिली की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. स्वयंपाक करताना छताची झडप आणि एक खिडकी उघडीच ठेवा, थंडी असली तरी. उबेसाठी शेगडी कधीही नाही. हिमाचलातल्या स्पितीत, काझाला, ऑक्टोबरात आम्ही दोन गोधड्या आणि गरम पाण्याची पिशवी यांवर रात्र काढली.

तिथेच दुसरी अडचण येते. आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्यूटेन असे दोन वायू असतात. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतो, म्हणून पहाटे ज्वाळ मरतुकडी होते, टाकी अर्धी भरलेली असूनही. तिच्याखाली जाळ करायचा, वर उकळतं पाणी ओतायचं असले सल्ले ऐकू नका. रात्रीच थर्मास भरून ठेवा, उन्हं आली की शेगडी नीट पेटते.

दोन अलार्म लावा आणि जागा चुकवू नका. गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा उशाशी, नाकाच्या उंचीला. महिन्यातून एकदा दोन्हींची बटणं दाबून बघा. अग्निशामक नळकांडं शेगडीमागे नको, दाराशी ठेवा, म्हणजे आगीवरून हात न्यावा लागणार नाही. टाकीलाच आग लागली आणि कळ हाताला येत नसेल, तर विझवत बसू नका, सगळे लांब पळा.

आणि वास आलाच तर दिव्याला, पंख्याला, फोनला, चावीला हात नाही. दार उघडायचं, सगळ्यांनी उतरायचं, जमलं तर मागून टाकी बंद करायची. लांब गेल्यावर १९०६ ला फोन लावा, गॅस गळतीसाठीचा तो नंबर चोवीस तास चालतो. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला तो लाल रंगाने लिहिलाय, नातवालाही पाठ आहे. नाक सरावलं की वास जाणवेनासा होतो, म्हणून "आता येत नाही" यावर विसंबून आत शिरू नका. तासभर दारं सताड उघडी ठेवा, आणि आधी बाहेरून आलेल्या माणसाला वाकून जमिनीशी हुंगायला सांगा.