नागपुरात अपालूसा घोडा घेताना-विकताना काय तपासायचं

‘अपालूसा आहे’ असं सांगून घोडा दाखवला की आधी कागद मागा. ही जात अमेरिकेच्या वायव्य भागात नेझ पर्स या तिथल्या आदिवासी लोकांनी जोपासली. तिची नोंदणी १९३८ साली स्थापन झालेला अपालूसा हॉर्स क्लब करतो. क्लबचा दाखला असेल आणि त्यातलं वर्णन समोरच्या जनावराशी जुळत असेल, तरच जातीचे पैसे मोजा. दाखला नसेल तर तो नुसता ठिपक्यांचा घोडा. त्याचा भाव वय, चाल आणि तब्येत बघून करा. मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा अबलख तर यात बसतच नाही.

जातीच्या खुणा तीन: नाक-ओठांची आणि शेपटीखालची चितकबरी कातडी, बुबुळाभोवती माणसासारखा दिसणारा पांढरा भाग आणि खुरांवर उभे पट्टे. पाय पांढरा असेल तर पट्ट्यांना फार महत्त्व देऊ नका. ठिपका रंगवलेला वाटला तर तिथले केस पाण्याने भिजवून बाजूला सारा. खऱ्या ठिपक्याखाली कातडी बहुधा काळसर असते, पांढऱ्या केसांखाली गुलाबी. वयानुसार या घोड्यांचा रंग बदलतो, त्यामुळे जुना फोटो जुळला नाही म्हणून लगेच फसवणूक समजू नका. केसांचे भोवरे आणि कातडीखालची मायक्रोचिप जुळवा.

खरी मेख डोळ्यांत आहे. ठिपके देणारं जनुक आई-बाप दोघांकडूनही आलं असेल, तर घोडा जन्मापासून रातांधळा असतो. असे घोडे अनेकदा जवळजवळ पांढरे दिसतात, आणि वरातीला नेमका तोच रंग हवा असतो! रात्रीची मिरवणूक, डोळ्यांवर येणारे दिवे, मधेच अंधार, वर नवरदेव. अशा ठिकाणी हा घोडा घालू नका. घेण्याआधी अंधार पडल्यावर अनोळखी जागेत दोन-तीन बांबू जमिनीवर आडवे टाका आणि दोर सैल सोडून घोडा हळू चालवा. ठेचकाळला किंवा अडून राहिला तर संशय घ्या. पक्की खात्री जनुक चाचणीनेच होते.

दुसरा रोग म्हणजे पुन्हापुन्हा येणारी डोळ्यांची आतली सूज. अपालूसात तिचं प्रमाण इतर जातींपेक्षा बरंच जास्त आहे. पाणी गळणं, डोळा मिचकावणं, निळसर झाक ही लक्षणं औषधाने काही दिवस दबतात. म्हणून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा बघा.

वय दातांवरून. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर उभी खाच दिसली तर घोडा दहाच्या पुढचा. चाल डांबरी रस्त्यावर दुडकी पळवून बघा. पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर उडते. विकणाऱ्याने आधीच पळवून घोडा ‘गरम’ करून ठेवला असेल तर थांबा, त्याला थंड होऊ द्या, मग बघा. विसाव्याला नाडी मिनिटाला २८ ते ४४ असावी. मे महिन्यातल्या दुपारी हे आकडे फसवतात, तपासणी पहाटे करा.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा अहवाल आल्याशिवाय इसारापलीकडे एक रुपया देऊ नका. हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह घोडा मारावा लागतो. रक्ताचा नमुना पशुवैद्यकामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवता येतो. कुठे तपासून घ्यायचं ते सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारा.

विकणाऱ्यांनी दोन्ही बाजू, चारही खूर, दात आणि उघडे डोळे यांचे फोटो आणि दुडकीचा व्हिडिओ द्यावा. डोळ्याचा आजार लपवला तर घोडा परत दाराशी येतो, म्हणून तो पावतीत लिहूनच द्या. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा घेणाऱ्याला घासाघीस करायला वाव. विकणाऱ्याने मात्र तुळशीच्या लग्नाची वाट बघावी. घरी आणल्यावर तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा बांधा. जुन्या मालकाकडून आठवड्याची चंदी मागून घ्या आणि दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोटशूळ ठरलेला.