गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानाकडेला होमस्टे: अस्वल बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

बुकिंग घेतानाच पाहुण्यांना सांगून टाका: म्हादई अभयारण्याच्या रानात अस्वल आहे, पण दिसेलच असं नाही. अभयारण्यात न्यायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

खरं काम स्वयंपाकघराच्या मागच्या दारी असतं. मार्च ते मे काजूचे बोंडू आणि फणस पिकतात, नि तो वास अस्वलाला लांबूनच लागतो. खोल्यांभोवती पडलेली फळं दिवस मावळायच्या आत उचला. बोंडूचा रस काढून उरलेला चोथा उघड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. उष्ट्याचा डबा घट्ट झाकणाचा हवा आणि रात्री तो कुलपाआड. फोटोसाठी फणस मांडून ठेवा, असा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. आयत्या खाण्याला चटावलेलं अस्वल पुढे गावातल्या घरांशी येऊ लागतं.

फिरायला चार-पाच जणच न्या, उजाडल्यावर, आणि बोलत चला. अस्वलाचं नाक तिखट, नजर नि कान मात्र बेताचे. रोयण (वाळवीचं वारूळ) फोडून वाळवी शोषताना ते स्वतःच एवढा आवाज करतं, की माणूस अगदी जवळ येईतो चाहूल लागत नाही. मग दचकून अंगावर येतं. उकरलेली माती अजून ओली दिसली तर तिथूनच मागे फिरा. समोर आलंच तर पळू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. पिल्लं सोबत असतील तर फोटोचा विषयच काढू नका.