बऱ्याच वर्षांनी कन्फेशनला (पापनिवेदनाला, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करायला) जायचंय पण काय बोलायचं सुचत नाही?

आपल्यात कितीतरी कॅथलिक असे आहेत की शेवटचं पापनिवेदन दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वेळी केलं, नंतर कॉलेज, नोकरी, लग्न, आणि आता जायचं म्हटलं तर पोटात गोळा येतो. मीपण त्यातलाच, अकरा वर्षं गेलो नव्हतो. चर्चचा नियम म्हणाल तर गंभीर पापं वर्षातून एकदा तरी सांगायचीच, 1215 च्या लॅटरन धर्मसभेपासून (चर्चच्या बिशपांची मोठी सभा) हे चालत आलंय.

पहिली गोष्ट, नाताळ आणि ईस्टरच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा लाईन एवढी असते की फादर पण घाईत आणि आपण पण, त्यापेक्षा साधा आठवड्यातला दिवस बघून फादरांना सरळ विचारा की निवांत वेळ कधी आहे. आणि फोनवर, व्हॉट्सअपवर वगैरे पापक्षमा मिळत नाही, समोर जावंच लागतं.

जायच्या आधी घरी पंधरा-वीस मिनिटं बसा, बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक करून घ्या आणि कुठे चुकलो ते बघा. इथे खरी गोची होते, कारण आपल्याला स्वतःची पापं आठवण्याऐवजी सासूची आठवतात 😄. गंभीर पाप म्हणजे बाब मोठी, माहीत असून, आणि स्वतःच्या मर्जीने केलेलं, तिन्ही असेल तरच. हे आधी आणि अंदाजे किती वेळा ते सांगायचं. बायबलमधलं स्तोत्र 51 वाचून गेलात तर अजून चांगलं, दावीद राजाचं म्हणून ओळखलं जातं ते, बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोशी केलेल्या व्यभिचारानंतर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावलं तेव्हाचं. नाथानसमोर दावीद काय म्हणाला बघा, "मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे", बस, एक वाक्य, कारणं नाहीत.

आत गेल्यावर क्रुसाची खूण करा आणि म्हणा, फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय, शेवटचं पापनिवेदन होऊन इतकी वर्षं झाली. विसरलात तर तसं सांगा, फादर हात धरून पुढे नेतात. मी तर "फादर मला काहीच आठवत नाही कसं करायचं ते" एवढंच बोललो होतो. मग मुद्द्याचं बोला. "बॉस असा आहे म्हणून मी चिडलो आणि मग घरी येऊन" असं पुराण लावू नका, "बायकोवर हात उचलला, दोनदा" असं सांगा. हे वाक्य तोंडातून निघत नाही तेच सगळ्यात अवघड, बाकी सोपं असतं. फादर ते बाहेर कोणालाच सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपांना नाही, तुमच्या आईला तर नाहीच.

लाज वाटून मुद्दाम एखादं गंभीर पाप लपवलं तर ते पापनिवेदन धरलं जात नाही. खरंच विसरलात तर चालतं, क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी आठवलं की सांगायचं.

आता पैसे खाल्ले असतील, कोणाचं नाव खराब केलं असेल तर नुसती क्षमा मागून भागत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या 19 व्या अध्यायातला जकातदार जक्कय आठवा, ज्याला ठकवलं त्याला चौपट देतो म्हणाला. चौपट राहू दे, निदान जेवढं घेतलं तेवढं परत करायची तयारी ठेवून आत जा.

(प्रोटेस्टंट भावाबहिणींनो, तुम्ही थेट देवासमोर कबूल करता, 1 योहान 1:9, पण हा परत करायचा भाग तुम्हालापण लागू आहे हं.)

शेवटी फादर प्रायश्चित्त सांगतील, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला लावतील, पाठ नसेल तर मोबाईलमध्ये ठेवा किंवा आपल्या शब्दात म्हणा, मग पापक्षमा देतील. प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना दिल्या असतील तर तिथेच बाकावर बसून म्हणून टाका, बाहेर चहाला गेलात की तीन नमो मरिया (मरियेची प्रार्थना) सांगितल्या होत्या की पाच, तेच आठवत नाही.